मेणावरचं रडणं

निघताना कोटाची बटणं लावता लावता केलेमेन म्हणाला, "टिली, निळा दोरा बांधलेली नळी तेवढी वाजवू नकोस." हमाल प्रवासातला फोनोग्राफ पाठीवर घेऊन जिन्यात ताटकळत उभा होता, बोर्का स्वयंपाकघरातून शिदोरीचं पुडकं घेऊन धावत येत होती, आणि या गडबडीत एवढं वाक्य टाकून, हॅट घालून तो निघूनही गेला. टिली दाराशी उभीच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात अमुक वस्तूला हात लावू नको असं त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या पियानोवर ती बसायची, त्याच्या अर्धवट लिहिलेल्या कागदांवर कॉफीचा कप ठेवायची, खेड्यापाड्यांतून त्यानं गाणी भरून आणलेल्या मेणाच्या नळ्यांवरची धूळ तीच झटकायची. न वाजवण्याचं कारण त्यानं मागेच सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. मेण मऊ असतं, सुई दर खेपेला थोडं खरवडते, जेवढं ऐकावं तेवढा आवाज झिजतो, आणि त्या नळीवरचं अजून कागदावर उतरवून व्हायचं होतं. ईस्टरची सुट्टी संपवून आला की आधी तेच. हे सगळं तिला कळत होतं. पण कपाटातल्या बाकीच्या नळ्याही मेणाच्याच होत्या. त्यांच्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

त्या नळीवर कोण आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. तिच्यावर रेबेका होती. पूर्वेकडच्या डोंगरातली, सत्तरी उलटलेली, तोंडात एकही दात नसलेली रेबेका. मागच्या हिवाळ्यात केलेमेन तिकडून परतला तेव्हा पहिल्याच दिवशी जेवताना त्यानं तिची सगळी कथा सांगितली होती. सूप निवत होतं, त्यावर चरबीची साय धरत होती, आणि हा चमचा हातात धरून बोलतोच आहे. मेलेल्यासाठी रडायची तिकडे एक रीत असते, शब्दही रडणारीचे आणि चालही रडणारीचीच, सुरुवात उंचावरून आणि मग पायरी पायरीनं खाली. पण ते रडणं मागून मिळत नाही. घरात कुणी मेलेलं नसताना तसं रडलं तर मरण घरात बोलावल्यासारखं होतं, म्हणून बायका तोंड फिरवतात. रेबेकाही आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, माझ्या मेलेल्या नवऱ्यापाशी, आंद्राशपाशी चल, त्याच्यासमोर रडेन, त्याच्यासाठी रडेन, तुझ्या पेटीनं ऐकायचं तर ऐकू दे. मग हा बर्फातून ते यंत्र ढकलगाडीवर घालून कबरस्तानात घेऊन गेला होता, आणि मेण थंडीनं कडक होऊ नये म्हणून नळी शर्टाच्या आत, छातीशी धरून बसला होता. "टिली, ती शब्दाच्या मध्येच श्वास घेते. शब्द संपायची वाटसुद्धा पाहत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. टिलीनं ते पाहिलं आणि सूप गरम करायला परत पाठवून दिलं.

रेबेका तरुण असती तर सोपं गेलं असतं. नवऱ्यानं कुठे तरुण बाई बघितली तर काय करायचं हे या शहरातल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. माहेरी जाऊन राहायचं, नाहीतर नव्या टोप्या घ्यायच्या, नाहीतर आपणही कुठे बघायचं. पण बोळक्या तोंडाच्या म्हातारीवर जळणाऱ्या बाईनं कुणाकडे जावं? टिली स्वतःशीच हसली, धुळीचं फडकं घेऊन नवऱ्याच्या खोलीत शिरली आणि नीट कोपरे बिपरे पुसत बसली. खिडकीखाली चेस्टनटच्या झाडांना कोंब फुटले होते, खाली नदीवर एक बोट भोंगा देत होती. कधीकाळी या खोलीत तिचाच राबता होता. दोघं संगीताच्या शाळेत एका वर्गात होती, आणि वर्गात पहिली यायची ती, तो नाही. त्याच्या सुरुवातीच्या पियानोच्या चिजा त्यानं तिच्या बोटांचा अंदाज घेऊन लिहिल्या होत्या, कुठे तिचा हात पुरेल, कुठे नाही ते बघून. मग तो खेड्यांत जायला लागला. आधी सुट्टीत, मग सवड मिळेल तेव्हा. त्याचं संगीत बदललं, त्यात माती आली, ढोल आले, भलत्याच ठिकाणी पडणारे ठेके आले, पेपरांतून कुणी शिव्या घातल्या, कुणी डोक्यावर घेतलं. एकदा तिनं त्याचं नवं काहीतरी वाजवून दाखवलं तेव्हा तो अगदी प्रेमानं म्हणाला, "तुझे हात फार शिकलेले आहेत गं." तेव्हापासून ती त्याच्यासमोर वाजवत नसे.

निळ्या दोऱ्याची नळी तिनं त्याच दिवशी दुपारी लावली. एकदाच ऐकायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि तिचा स्वतःवर विश्वासही बसला होता. किल्ली दिली, सुई टेकवली, खरखर झाली, आणि कर्ण्यातून ती बाई बाहेर आली. लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा आवाज. आंद्राश, ऊठ, गाय व्यायला आली, तिला कोण धरणार. आंद्राश, दाराची बिजागरी निखळली, मी ते कुणाला सांगू. त्यात ना देव होता ना स्वर्ग. नवरा दारू पिऊन बाकावर पडलाय आणि बायको त्याच्या नावानं खडे फोडतेय असंच ते सगळं होतं, फक्त आवाज मध्येच मोडायचा आणि खाली खाली यायचा, आणि पुन्हा वर चढून आंद्राश म्हणायचा. शेवटी एक खोकला. तो केलेमेनचा. थंडीनं त्याचा घसा धरला होता, आणि नळी भरत असताना त्याला खोकला आवरता आला नव्हता. टिलीनं सुई उचलली. नवऱ्याचा खोकला तिला ओळखू आला नसता तरच नवल, पण हा तसा नव्हता. हा रडू दाबून धरणाऱ्या माणसाचा खोकला होता. एवढ्या वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता, आणि ऐकायची संधी एकदा येऊन गेली होती.

त्यांचा तान्हा गेर्गो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा एवढंच त्याचं आयुष्य. घशाच्या आजारानं गेला, अगदी झटकन. टिलीचं माहेर पोझोन्यचं, जर्मन बोलणाऱ्या चामड्याच्या व्यापाऱ्याचं. त्या घरात मोठ्यानं हसायची बंदी नव्हती, पण मोठ्यानं रडायची होती. आई म्हणायची, रडायचं तर उशीत, नोकरमाणसांना ऐकू जातं. गेर्गोच्या वेळी टिली काळ्या हातमोज्यांत ताठ उभी राहिली. आल्यागेल्याला खुर्ची दिली, कॉफी विचारली, पाद्र्याच्या बायकोची शाल खाली पडली तीसुद्धा वाकून उचलून दिली. सगळे म्हणाले, काय हे धैर्य. सगळे परतल्यावर केलेमेन पियानोपाशी बसला आणि आवाज न काढता नुसत्या पट्ट्या दाबत राहिला. मग तिच्याकडे वळून तोही म्हणाला, तू फार धीराची आहेस. त्या वाक्यानं तिचं तोंड बंद झालं ते झालंच. त्यानंतर घरात गेर्गोचं नाव निघालं नाही. पुढच्या वसंतात केलेमेन पहिल्यांदा खेड्यात गेला, आणि तिथे त्यानं काय गोळा केलं? लोकांचं रडणं. घरात एक बाई ताठ बसली होती, तिला त्यानं कधी विचारलं नाही. परक्या बायकांचं रडणं छातीशी धरून, मेण गोठू नये म्हणून ऊब देऊन, घरी आणलं. हे तिच्या डोक्यात त्या दुपारी असं सरळ उभं राहिलं, आणि तिला इतका राग आला की तिनं पुन्हा किल्ली दिली.

मग रोजच. सकाळची कॉफी झाली की ती खोलीचं दार लावून घ्यायची. आधी ती स्वतःला सांगायची की आपण फक्त ऐकतोय. मग खरखर वाढली, आंद्राशमधलं शेवटचं अक्षर उडालं, गायीच्या ओळीवर नुसता वारा राहिला, आणि आपण काय करतोय ते तिला लख्ख समजलं. कुणाच्या अंगाला हात न लावता, कुणाशी एक शब्द न बोलता, ती त्या बाईला पुसून टाकत होती. नुसतं मन लावून ऐकत. तिला त्यात सुख होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. एकदा सुई टेकवताना आपण ओठ घट्ट मिटून घेतलेत आणि हसतोय हे तिला कपाटाच्या काचेत दिसलं. पण दुसरीकडे एक गोष्ट तिच्या नकळत होत होती. वर्गात पहिली येणारी मुलगी होती ती, कान तयार होते. नळीवरून जे जे झिजत गेलं ते ते तिच्यात येऊन बसत गेलं. कुठला श्वास कुठे, कुठल्या शब्दाचा कुठे तुकडा पडतो, तिसऱ्या वेळी आंद्राश म्हणताना आवाज पाव स्वर खाली येतो आणि त्यातच रडणं आहे, हे सगळं. रस्त्यानं चालताना, दर्जिणीकडे उभं असताना, बाजारात कोबी दाबून बघताना ते तिच्या डोक्यात चालू असे.

घरातला फोनोग्राफ मोठ्या कर्ण्याचा, आणि बाहेरची खिडकी बोर्का हवेसाठी उघडी टाकायची. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या मेजरसाहेबांच्या विधवा, वॉल्डनरबाई, काळे हातमोजे घालून वर आल्या. टिलीचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "कोण गेलं हो, टिलीबाई? कळवलंसुद्धा नाहीत. रोज ऐकते आणि जीव तुटतो." टिलीनं सांगितलं, कुणी नाही, ती नळी आहे, नवऱ्याच्या कामाची. वॉल्डनरबाईंचे डोळे थोडे बारीक झाले. रोज सकाळी? आणि दार लावून? मग त्या खुर्चीत बसल्या, खसखशीच्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आमचे हे गेले तेव्हा मलाही कुणी रडू दिलं नाही." टिलीनं केकची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि हवेचा विषय काढला. पण त्या गेल्यावर बोर्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एप्रनला हात पुसत. ती खेड्यातली, जाडजूड, तोंडाची फटकळ. "बाईसाहेब, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली, "पण असं उसनं रडणं रोज घरात आणू नये. एक तर आपलं रडावं, नाहीतर गप बसावं." टिलीनं तिला मिठाच्या बरणीवरून उगाच झापलं.

केलेमेन आला तो ठरल्यापेक्षा लवकर, आणि गाणी फार न भरता. हनुवटीला खुंट वाढलेले, बुटांना चिखल. लग्नाची गडबड उरकलेल्या नवरदेवासारखा सुटलेला दिसत होता. त्यानं आंघोळ केली, कॉफी प्याला, आणि सांगितलं की तो पुन्हा त्याच गावाला गेला होता. रेबेका गेली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, छातीत कफ होऊन. तिच्यासाठी रडायला घरात कुणी नव्हतं, मुलगी अमेरिकेला, सुना शहरात, शेवटी शेजारणीनं आपले कसेबसे चार शब्द म्हटले. "तिच्यानंतर तसं रडणारी त्या खोऱ्यात कुणी उरली नाही," तो म्हणाला, "नशीब, नळी आहे." चार तंतुवाद्यांसाठी चाललेल्या त्याच्या मोठ्या रचनेचा संथ भाग त्या रडण्यावर उभा राहायचा होता. बाकीचे तीन भाग झाले होते, शरद ऋतूत वाजवणारे ठरले होते, आणि मधला हा एक रिकामा होता. टिलीनं कपात आणखी दूध घातलं. त्याला नको होतं तरी घातलं.

तो खोलीत गेला. तिला इकडून सगळं ऐकू आलं. कपाट उघडलं, किल्ली फिरली, सुई टेकली. खरखर. पुन्हा सुई, पुन्हा खरखर, त्यात कुठेतरी खोल आवाजाची एक बारीकशी किनार, आणि शेवटी तो खोकला. खोकला मात्र जाडा होता म्हणून उरला होता. केलेमेन ओरडला नाही. बाहेर आला, बोर्काला बोलावलं, आणि शांतपणे विचारलं की तू खोलीतली शेगडी पेटवत होतीस का. हो, गारठा होता म्हणून पेटवली. मग मात्र तो बोलला. मेणाजवळ आग, अक्कल गहाण टाकली होती का, त्या म्हातारीनं मरायच्या आधी दिलेली एक गोष्ट तू मेणबत्तीसारखी वितळवलीस, असं काय काय. बोर्का लाल झाली. तिनं एकदा टिलीकडे बघितलं. टिलीनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. बोर्का म्हणाली, "चूक झाली, साहेब," आणि आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही.

आपण जिंकलो, असं टिलीला वाटायला हवं होतं. कर्ण्यातली ती बाई गेली, खोऱ्यातली गेली, आणि कुणाला काही कळणारही नव्हतं. ती दारापाशी गेली. केलेमेन खुर्चीत बसला होता, झिजलेली नळी दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून. भरदुपारचं ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं, मानेवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता. एका मेणाच्या नळीसाठी तो त्या खुर्चीत बसून रडत होता, ज्या खुर्चीत गेर्गो गेला त्या दिवशी बसून तो नुसत्या पट्ट्या दाबत राहिला होता. तेव्हा टिलीच्या मनात जे उसळलं ते मायेनं नव्हतं, पश्चात्तापानंही नव्हतं. बोर्कावर अन्याय झाला म्हणूनही नव्हतं, ते तर तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ती जळत होती. मेल्यावरसुद्धा ती म्हातारी हे सगळं घेऊन गेली, आणि आपल्या वाट्याला एवढंही नाही. त्यानं मान वर करून आपल्याकडे बघावं, एकदा तसं बघावं, म्हणून ती दारातच उभी राहून गाऊ लागली.

पहिला स्वर उंच लागला, अगदी जिथे लागायचा तिथे. आंद्राश, ऊठ. केलेमेननं मान वर केली. गाय व्यायला आली. त्याच्या तोंडावरचा रंग बदलला, आधी भीती, मग ओळख, आणि मग हळूहळू सगळंच त्याला समजलं; ते समजताना तिला दिसत होतं आणि ती थांबली नाही. "तू ऐकत होतीस," तो म्हणाला. ती गातच राहिली. "रोज?" तिनं मान हलवली. तो आता ओरडेल असं तिला वाटलं, तसं तिला हवंही होतं. पण तो उठला, टेबलावरचे कागद धडाधड बाजूला सारले, रेघांचा कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. "थांब," तो म्हणाला, "पहिल्यापासून. श्वाससुद्धा जसेच्या तसे." आणि त्यानं तिच्याकडे बघितलं. कबरस्तानात त्या म्हातारीकडे तो कसा बघत असेल ते तिला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ज्यासाठी ती जळत होती ती नजर तिच्यावर होती, पूर्ण, उपाशी, आणि तिच्याकडे बघूनही तिला न बघणारी.

तिनं पहिल्यापासून म्हटलं. शिकलेले हात होते, पण गळा शिकलेला नव्हता, त्यामुळे तो जसा मोडायचा तसाच मोडला. पेन्सिल भराभर चालत होती. बिजागरीची ओळ आली, ती झाली, पुन्हा वर चढून नाव घ्यायची जागा आली, तिसरी जागा, जिथे आवाज पाव स्वर खाली येतो. टिलीनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "गेर्गो."

केलेमेननं वर न बघता म्हटलं, "आंद्राश. तिथे आंद्राश आहे."

मग पेन्सिल थांबली. त्यानं वर बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले, कागदावर एक रेघ ओढली गेली. आणि टिलीला रडू फुटलं. रेबेकाचं नाही. ते तिचं होतं, मोठ्यानं, नोकरमाणसांना ऐकू जाईल असं, वॉल्डनरबाईंना ऐकू जाईल असं, माहेरच्या जर्मनमध्ये. गेर्गो, तुझा झगा मी कुणाला दिला नाही. गेर्गो, घसा दुखतो म्हणून तू माझं बोट धरलंस आणि मी डॉक्टरला दार उघडायला गेले. गेर्गो, तुझ्या बापाला खुर्ची द्यायला मी वाकले आणि तू तोवर… असलं काय काय, शब्दाच्या मध्येच श्वास घेत, उंचावरून खाली, खालून पुन्हा वर. स्वयंपाकघराचं दार उघडल्याचा आवाज आला आणि तिथेच थांबला. केलेमेन रडत होता. गालांवरून ओघळत कॉलरमध्ये जात होतं, ते तो पुसत नव्हता. तिनं हात पुढे केला. तो हात धरेल असं तिला क्षणभर वाटलं.

पण त्याचा उजवा हात रिकामा नव्हता. पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी, कागदावर वाकून, तो लिहीत होता. पेन्सिल तिच्या आवाजाच्या मागे धावत होती, मागे पडत होती, पुन्हा गाठत होती. टिलीनं ते बघितलं. तिला लाज वाटायला हवी होती, संताप यायला हवा होता, आणि तो येणारही होता, रात्री नाहीतर उद्या, पुढे बरीच वर्षं. पण त्याच्याआधी तिला बरं वाटलं. त्यानं ओळ पुरी करावी म्हणून तिनं आपलं रडणं थोडं सावकाश केलं.